घरचा हुन्नर : वाळूवर चालणारी गाडी



गेल्या महिन्यात जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर अभ्यासाचं टेबल कसं केलं, ते आम्ही याच पानावर सांगितलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एका भगिनीनं जरा खोचक विचारलं आहे, ‘‘तुमच्या घरात सारखी ठोकाठोकी चालू असते. पण यातली एखादी वस्तू नसती, तर घरात कुणाचं काही अडलं असतं का?’’

प्रश्न रास्त आहे. म्हणून या महिन्यात अशी एक वस्तू सांगतो, जिच्यावाचून आमच्या घरातला एक माणूस जवळजवळ वर्षभर गप्प बसून होता.

आम्ही स्वारगेटला राहतो. इथून समुद्र म्हणजे एसटीचा रात्रभराचा प्रवास. तरीही आमच्या माळ्यावर मासे धरायचे चार रॉड आहेत, आणि ते आमच्या अब्बांचे आहेत. अब्बा मूळचे दापोली तालुक्यातले. लहानपणी शाळा सुटली की हातगरी घेऊन खडकावर जाऊन बसायचे. सतराव्या वर्षी कामासाठी पुण्याला आले आणि भुसार बाजारात हमालीला लागले. आधी भवानी पेठ, पुढे गुलटेकडीचं मार्केट यार्ड. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात पोतं शंभर किलोचं असे. पुरुष कामगारानं उचलायचं वजन ५५ किलोंहून जास्त नसावं, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ सालीच केली होती. आपल्या राज्यात माथाडी कायदा १९६९ मध्ये झाला. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पुण्यात हमालांना बळ दिलं, त्याच्या आठवणी अब्बा आजही सांगतात. पण पाठीवर जे चढायचं ते तोवर चढून गेलं होतं.

थंडीत चार दिवस गावी जायचं आणि किनाऱ्यावर उभं राहून गरी टाकायची, एवढीच त्यांची वर्षाची चैन. आम्ही, थोरले भाईजान, मुलं, सगळे बरोबर जायचो. सामान मात्र ते कुणाला उचलू देत नसत. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर बर्फाची पेटी, खांद्यावर रॉड, असे सगळ्यांच्या पुढे चालायचे. आम्ही म्हणायचो, ‘‘अब्बा, आम्हाला द्या.’’ ते म्हणायचे, ‘‘तुमचं काम खाण्याचं. उचलण्याचं माझं.’’

मागल्या वर्षी सुरूच्या झाडांखालच्या भुसभुशीत वाळूत त्यांचा पाय रुतला आणि डोक्यावरच्या पेटीसकट ते खाली आले. मणक्याला मार बसला. दीड महिना पाठीवर पडून होते. डॉक्टरांनी सांगितलं, पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. घरी बैठक बसली आणि भाईजानांनी निकाल दिला, ‘‘आता समुद्र बंद. बहात्तरावं चालू आहे.’’ आम्हीही मान डोलावली. भीती आम्हालाही वाटली होतीच.

अब्बांनी वाद घातला नाही. पण जुम्म्याची नमाज झाली की माळ्यावरून रीळ काढायचं, तेल द्यायचं, फिरवून बघायचं आणि परत ठेवून द्यायचं, असं सुरू झालं. एकदा आमच्या धाकटीनं विचारलं, ‘‘दादाजी, कुठं जायचं नाही तर तेल कशाला?’’ त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाले, ‘‘रॉड विकून टाका. कुणाच्या तरी कामी येतील.’’

त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ जागे होतो. अब्बांना मनाई ओझ्याची होती, समुद्राची नव्हती. ओझं चाकावर गेलं तर? परदेशात वाळूवर ओढायच्या तयार गाड्या मिळतात, त्यांची चित्रं आम्ही पाहिली होती. किंमत आमच्या आवाक्यातली नव्हती. मग घरीच करायचं ठरलं.

पहिली गाडी फसली, तेही सांगितलं पाहिजे. जुन्या प्रवासी बॅगेची चाकं एका फळीला लावली, वर दोरी बांधली. फरशीवर झकास चालली. शंकरशेठ रस्त्याच्या बाजूला एका इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या वॉचमनची परवानगी काढून वाळूच्या ढिगाजवळ गाडी नेली, वर पाण्याचे दोन कॅन ठेवले आणि ओढली. चार पावलांत चाकं दिसेनाशी झाली आणि फळी नांगरासारखी वाळू लोटत चालली. वॉचमन हसला. आम्हीही हसलो, पण घरी येईपर्यंत मन खट्टू झालं होतं.

अब्बा गॅलरीत बसले होते. फळीकडे बघून विचारलं, ‘‘हे काय?’’ आता लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बेटा, हर्णैला बैलगाड्या पाहिल्यात ना? मोठ्या होड्या काठाला लागत नाहीत, म्हणून मासळी आणायला गाडी पाण्यात घालतात. तिथं कुणी एवढ्याशा चाकाची गाडी घातलेली पाहिलीस?’’

मग त्यांनी कागद मागवला. वर्षभरानंतर अब्बांनी आपण होऊन काहीतरी मागितलं होतं.

आता मुख्य गोष्ट, चाक. वाळूत चाक का रुततं? वजन थोड्या जागेवर पडतं म्हणून. उंटाच्या पायाची दोन बोटं खालून रुंद, मऊ गादीनं जोडलेली असतात. पाय टेकला की ती गादी पसरते, म्हणून एवढं मोठं जनावर वाळवंटात सहज चालतं. आपल्या चाकालाही तेच जमलं पाहिजे. तेव्हा चाक रुंद हवं, मोठं हवं आणि मऊ हवं. मोठं अशासाठी, की लहान चाक प्रत्येक उंचवट्याला अडतं आणि मोठं त्याच्यावरून चढून जातं. खड्ड्यांच्या रस्त्यावर हातगाडी ओढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आम्ही जुन्या बाजारातून रिक्षाची दोन जुनी चाकं हबसकट आणली. हा बाजार मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरतो, हे पुणेकर वाचकांना ठाऊक आहेच. रिक्षाच्या टायरचा आकार ४.००-८ असतो, म्हणजे रुंदी चार इंच आणि रिम आठ इंचांची. टायरसकट चाकाची उंची साधारण सोळा इंच भरते. घेताना टायरच्या बाजूला तडे नाहीत ना आणि हबचे बेअरिंग खडखडत नाहीत ना, एवढं हातानं फिरवून पाहावं.

रिक्षात या टायरला हवा टणक भरलेली असते. आपल्या गाडीवर वजन चाळीसएक किलो. टणक टायर वाळूला जेमतेम चार बोटांएवढा टेकतो आणि रुततो. हवा ८ ते १० पौंडांवर आणली की तळहाताएवढा पसरतो. आमच्या गाडीचं अर्धं यश या हवा कमी करण्यात आहे.

इथं एक इशारा. या रिमचे दोन भाग नट-बोल्टनं जोडलेले असतात. टायर काढायचा असेल तर आधी हवा पूर्ण सोडावी, मगच नट ढिले करावेत. हवा असताना नट काढले तर रिम उसळून हात-तोंड फुटू शकतं. हे काम मुलांच्या हाती देऊ नये. टायरवाल्याकडून करून घेतलेलं उत्तम.

दुसरी गोष्ट सांगाडा. तो किती मोठा करावा, याचं माप आम्हाला मार्केट यार्डानं दिलं. टोमॅटोचे प्लास्टिक क्रेट सगळ्यांनी पाहिलेले असतात. लांबी ५४ सेंटिमीटर, रुंदी ३६. असे दोन क्रेट शेजारी शेजारी बसतील एवढी चौकट केली, ७४ बाय ५५ सेंटिमीटर. क्रेटला भोकं असतात, त्यामुळे वाळू आणि पाणी खाली गळून जातं. घरी आल्यावर क्रेट उचलून थेट मोरीत धुता येतात.

चौकटीला एक इंची चौकोनी लोखंडी पाइप वापरला. गंजू नये म्हणून आमचा विचार जस्ताच्या, म्हणजे जीआय पाइपचा होता. वेल्डिंगवाल्यानं नाही म्हटलं आणि त्याचं बरोबर होतं. जीआय पाइप वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. म्हणून साधा पाइप घेतला, वेल्डिंग झाल्यावर घासून रेड ऑक्साइडचे दोन हात दिले आणि वर ऑइल पेंट. रंग धाकटीनं निवडला. गाडी पोपटी आहे.

तिसरी गोष्ट आस. इथं अब्बांनी आमचा आराखडा खोडला. आम्ही आस मागच्या टोकाला दाखवली होती. ते म्हणाले, ‘‘मग अर्धं ओझं ओढणाऱ्याच्या हातावर येईल. गाडी केली कशाला?’’ आस मालाच्या जवळजवळ मधोमध हवी, किंचित मागे. वजनाचा मध्य आसेच्या आठ सेंटिमीटर पुढे ठेवला आणि दांडा आसेपासून १२० सेंटिमीटर लांब घेतला. चाळीस किलो माल असला तर हातावर तीन किलोसुद्धा येत नाहीत. शाळेत शिकलेलं तरफेचं गणित घालून पाहा, चाळीस गुणिले आठ, भागिले एकशे वीस. अब्बांनी हे गणित कधी घातलेलं नाही. हातगाडीवर पोती रचताना ते बरोबर याच ठिकाणी रचत आले. वजनाचा मध्य आसेच्या मागे गेला, तर दांडा वर उसळतो आणि गाडी उलटी बसते, हेही त्यांनीच सांगितलं.

आसेसाठी २० मिलिमीटरचा लोखंडी गज घेतला. त्याची टोकं बेअरिंगच्या मापाला लेथवर करून घेतली, बाहेरून वॉशर आणि स्प्लिट पिन. पिन काढली की चाक हातात येतं. दांडाही दोन बोल्टवर निघतो. एसटीच्या डिकीत जायचं तर हे हवंच. दोन चाकांमध्ये ७० सेंटिमीटर अंतर ठेवलं. किनारा उतरता असतो, अरुंद गाडी कलंडते.

रॉड उभे ठेवायला ४० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचे एक-एक फुटाचे चार तुकडे मागच्या बाजूला क्लॅम्पनं बसवले. वरच्या कडा कानशीनं गोल केल्या, नाहीतर रॉडची मूठ खरवडते.

खर्च विचारणारी पत्रं येतात, म्हणून हिशेब देतो. चाकं हबसकट १,२०० रुपये, पाइप ७००, वेल्डिंग ६००, लेथचं काम ४००, दोन वापरलेले क्रेट २००, पीव्हीसी पाइप, क्लॅम्प आणि नट-बोल्ट ३५०, रंग २५०. एकूण ३,७०० रुपये. रिकामी गाडी २२ किलो भरली. हा तिचा दोष आहे, पण डिकीत चढवायला आम्ही दोघं असतो.

गाडी झाली, तरी भाईजान राजी नव्हते. ‘‘गाडी ओझं ओढेल. पाय रुतला तर अब्बांना कोण धरेल?’’ त्यांच्या रागामागे भीती होती, आणि तिला आमच्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. शेवटी अब्बांच्या डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, चालणं पाठीला चांगलंच आहे. घट्ट वाळूवरून चालायचं, हातात काठी ठेवायची, वाकून उचलायचं नाही. भाईजान एवढंच बोलले, ‘‘तुमची जबाबदारी.’’

या जानेवारीत आम्ही स्वारगेटहून रात्रीच्या एसटीनं दापोलीला गेलो. किनारा मुरूडचा. जंजिऱ्याचं मुरूड वेगळं, हे दापोलीजवळचं. लांबच लांब, सपाट वाळू.

तारीख आम्ही चाँद बघून धरली होती. आपल्या घरांत चाँदची तारीख सगळ्यांना पाठ असते, तिचा इथं उपयोग होतो. चाँदच्या १ तारखेच्या आणि १४-१५ च्या पुढेमागे उधाणाची भरती येते. पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. ७-८ आणि २१-२२ च्या सुमाराला भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाताना आम्ही भांगाचे दिवस निवडले. भरती-ओहोटीमध्ये सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो आणि रोज भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हेही लक्षात ठेवावं. पाणी चढायला लागलं की गरीला मासा लागायची आशा जास्त. पण गाडी भरतीच्या रेषेच्या वरच उभी करावी.

सामानाचं वजन घरीच केलं होतं. बर्फाची पेटी १५ किलो, पिण्याचं पाणी १०, रॉड आणि रीळ ४, शिशाची वजनं आणि गळांची पेटी ३, चटई, छत्री आणि डबे मिळून ८. बरोबर चाळीस. जड पेटी तळाला आणि मध्यावर, हलकं वर. गळ नेहमी झाकणाच्या डब्यात.

सुरूच्या झाडांखालचा भुसभुशीत पट्टा तोच. मागल्या वर्षी जिथं ते पडले, तिथं येताच आम्ही सगळे नकळत हळू झालो. तिथं गाडी आम्ही ओढली. गाडी ओढावी, ढकलू नये. ढकलताना आपला जोर चाकाला खाली दाबतो, ओढताना थोडा वर उचलतो. चाकांची फक्त रुंद खूण उमटत होती. चाळीस पावलं टाकून ओल्या, घट्ट वाळूवर आलो आणि तिथून धाकटीनं दांडा घेतला. ती अकरा वर्षांची आहे. चाळीस किलो माल घेऊन ती पुढे आणि अब्बा तिच्या मागे.

अब्बांचे हात मोकळे होते. हात कुठं ठेवावेत, ते त्यांना थोडा वेळ समजेना. एकदा पाठीमागे बांधले, एकदा खिशात घातले. मग काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात गाडीच्या क्रेटवर ठेवून चालू लागले, जसं नातवंडाच्या डोक्यावर ठेवतात तसं. आम्ही काही बोललो नाही.

अस्रच्या सुमाराला पाणी चढू लागलं. त्यांनी कोळंबीचा तुकडा लावून गरी टाकली. पाठ वाकवून जोरात फेकणं त्यांना आता जमत नाही, त्यामुळे शिसं जवळच पडत होतं. त्याचं त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. मग म्हणाले, ‘‘मुडदुशी तर जवळच्या पाण्यातच असते.’’ मगरिबपर्यंत सहा मुडदुशा आणि एक शिंगाळा मिळाला. शिंगाळ्याच्या परांत विषारी काटे असतात. तो हातानं धरू नये, पक्कडीनं गळ काढावा. धाकटीला हे त्यांनी दाखवलं आणि पक्कड तिच्या हातात दिली.

रात्री भाईजानांचा फोन आला. मासे किती, गाडी कशी चालली, काही विचारलं नाही. ‘‘अब्बा चालताना धापले का?’’ एवढंच. आम्ही फोन अब्बांकडे दिला. ते म्हणाले, ‘‘पुढल्या वेळी तू ये. आसेला ग्रीस कमी आहे, या दोघांना कळत नाही.’’

ग्रीस खरोखरच कमी होतं. खाऱ्या पाण्यातून आलं की दर वेळी गाडी गोड्या पाण्यानं धुवावी, वाळवावी, बेअरिंगला आणि आसेच्या टोकांना ग्रीस लावावं, रंग उडाला असेल तिथं लगेच हात फिरवावा. हे आम्ही पहिल्या खेपेला आळसानं दोन दिवस लांबवलं, तर पिना गंजून अडकल्या आणि हातोडीनं काढाव्या लागल्या. पावसाळ्यात किनाऱ्यावरून गरी टाकायला जाऊच नये. तेव्हा होड्यासुद्धा बंद असतात, ते उगीच नाही.

गाडी आता जिन्याखाली असते. मधल्या काळात शेजारच्या खालाजानच्या घरी दोन गॅस सिलिंडर आणि एकदा गव्हाचं पोतं तिच्यावरून गेलं. अब्बा वरून बघत होते. ‘‘माल पुढे घ्या, पुढे!’’ असं त्यांनी गॅलरीतून ओरडून सांगितलं.

रॉड विकायचं परत कुणी बोललेलं नाही. फेकताना अंतर मिळत नाही, ही अडचण मात्र उरली आहे. पाठ न वाकवता गरी लांब टाकायची एखादी रीत कोकणातल्या वाचकांना माहीत असेल, तर जरूर कळवा. पत्र अब्बांना वाचून दाखवू.

पुढल्या महिन्यात, बऱ्याच भगिनींच्या आग्रहावरून, रमजानपूर्वी माळा आणि स्वयंपाकघराच्या फळ्या नीट कशा लावाव्यात, ते पाहू. तोवर खुदा हाफिज.